मंडळीत वाचलेली चिठ्ठी

शिरूर, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय इवा,

वर आधी मंडळीतल्या रीतीप्रमाणे ‘सलाम’ लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्या मनात काय आहे ते माहीत नसताना सलाम घालणं मला लबाडीचं वाटलं. म्हणून नुसतं नाव.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर. पप्पांची उद्या दौंडहून मालगाडीवर ड्यूटी आहे, त्यांच्याबरोबर पत्र पाठवते. ते दौंडला जॉय आत्याकडे देतील आणि आत्या तुझ्याकडे.

दिवाळीच्या सुट्टीत तू आत्याकडे चार दिवस राहायला गेलीस, असं मी सगळ्यांना सांगते. सुट्टी संपून आठवडा झाला. आज उपासनेहून येताना शेजारच्या पुतळाबाई गेटातच उभ्या होत्या. म्हणाल्या, “ताई, पोरीचं चार दिस लई लांबलं की वं!” मी हसले आणि आत आले.

त्या रविवारी काय झालं ते मला आठवतं तसं लिहिते. चुकत असेन तर सांग. प्रवचनानंतर पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. पहिली कुणाच्या तरी गुडघ्याची होती, दुसरी जोनाथनच्या नोकरीची. तिसरी माझी. ‘मला इवाचे फार ओझे आहे. मंडळीने प्रार्थनेत आठवण करावी.’ खाली मी नाव घातलं नव्हतं, पण आपल्या मंडळीत इवा एकच. मग मंडळीचे पंच सोपानराव यांना प्रार्थना करायला सांगितलं. त्यांची प्रार्थना तुला माहीत आहे. राज्यकर्त्यांपासून सुरू होते, सीमेवरच्या सैनिकांकडे जाते आणि मग हळूहळू शिरूरला येते. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तेव्हा गाणाऱ्या मुलींमध्ये तुझी खुर्ची रिकामी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तू निघून गेलीस. घरी आले तर तुझी बॅगही नव्हती.

इवा, मंडळीत ‘ओझं’ हा शब्द कसा वापरतात ते मी तुला सांगायला नको. गावोगाव प्रचार करणारे सुवार्तिक येतात आणि म्हणतात, “मला कवठे येमाईचं ओझं आहे.” म्हणजे कवठे येमाई त्यांना जड झालेलं नसतं. त्या गावासाठी प्रार्थना करावी असं प्रभूनं त्यांच्या मनात घातलेलं असतं, एवढाच अर्थ. मी त्याच अर्थाने लिहिलं होतं. तू रोजच्या बोलण्यातला अर्थ घेतलास. लहानपणापासून मंडळीत वाढलेली तू तसा अर्थ घेशील, असं माझ्या मनातही आलं नाही.

एका शब्दाचा गैरसमज आहे, दुसरं काही नाही. त्याआधीच्या बुधवारबद्दल आज लिहीत नाही. तो विषय वेगळा.

मुतखड्याच्या गोळ्या पिशवीत घातल्या आहेत. दिवसाला तीन बाटल्या पाणी प्यायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. थंडीत विसरायला होतं.

मम्मी

शिरूर, ८ डिसेंबर २०२४

प्रिय इवा,

आत्याचा फोन आला होता. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर मी त्यातलं हवं तेवढंच ठेवीन.

“वहिनी, तुमचं पत्र दिलं पोरीला. वाचलं न्हाई अजून.”

“फाडलं?”

“फाडलं बी न्हाई. केमिस्ट्रीच्या वहीत घालून ठेवलंय. तुमी लिवत ऱ्हावा. पर एक सांगू का? जरा चुका करत जावा लिवताना. पाकिटावरचं अक्षर बघूनच ती म्हणली, आलं सर्क्युलर.”

मी हसले. फोन ठेवल्यावर पाकीट कसं लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. तुझं पूर्ण नाव, आत्याचा पूर्ण पत्ता, खाली पिनकोड. पप्पांच्या हातून जाणाऱ्या पत्राला पिनकोड.

गुरुवारी तू दौंडहून प्रॅक्टिकलपुरती शिरूरला आली होतीस. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. तू मला पाहिलंस, मग रस्ता ओलांडून पलीकडून चालत स्टँडवर गेलीस. मी हाक मारली नाही. मारली असती तर तुझ्या मैत्रिणींसमोर तुला काहीतरी करावं लागलं असतं. हे मी तुझ्यासाठी केलं की मला भीती वाटली म्हणून, ते अजून ठरवता आलेलं नाही.

कंपनीत या आठवड्यात बायकांसाठी एक सेशन झालं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कागद वाटले आणि सांगितलं, एक वर्तुळ काढा. हा तुमचा दिवस. याचे तीन भाग करा: काम, मुलं आणि ‘मी’. पॅकिंगची नकुशी माझ्या शेजारी होती. तिने हात वर केला. “मॅडम, माझी सासू कुठल्या भागात घालू? आन् ती घातली तर मी कुठं मावू?” सगळ्या हसल्या, त्या मॅडमसुद्धा. म्हणाल्या, “तोच तर प्रश्न आहे.” तेवढ्यात चहा आला.

पप्पा रेस्टला घरी येतात तेव्हा भाजी निवडतात. मागच्या रविवारी मंडळीत दोन बायकांनी त्याचं कौतुक केलं. एकीनं तर डोळ्यांत पाणी आणलं. मी रागावले नाही. पप्पा खरंच छान निवडतात.

त्या वर्तुळात मी कामाचा भाग आखला, तुझा आखला. ‘मी’चा भाग आखायची वेळ आली तेव्हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाकीच्या बायकांना तो भाग कुठून काढायचा हा प्रश्न होता. माझ्याकडे तो होता. जूनपासून होता. याबद्दल मला तुला सांगायचं आहे, पण आज जमत नाहीये.

पाणी पीत जा.

तुझी मम्मी

शिरूर, २६ डिसेंबर २०२४

प्रिय इवा,

काल दौंडच्या मंडळीत नाताळच्या उपासनेला मी आणि पप्पा आलो ते तू पाहिलंस. दुसऱ्या गाण्यात तू एकटीने गायलेलं कडवं चांगलं झालं. उपासना संपल्यावर दारात सगळे हात मिळवत होते, तेव्हा तू मलाही हात दिलास आणि “हॅपी ख्रिसमस” म्हणालीस. पुढे ‘काकू’ म्हणायची तेवढी राहिलीस. नंतर आत्याच्या घरी जेवताना तू पप्पांच्या ताटात मटण वाढलंस आणि माझ्याजवळ भांडं सरकवलंस. एवढं केलंस तेही मी मोजलं.

येताना पप्पा गाडी चालवत होते. वरवंडच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, “रिबेका, तू तिला त्या बुधवारचं अजून काही सांगितलं नाहीस ना?” मी म्हणाले, “तुम्हाला काय माहीत?” ते म्हणाले, “तिनंच सांगितलं. मला वाटलं, तू सांगशील.” म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि मी इतके दिवस एकटीच लपवत होते.

तर ऐक. जूनमध्ये कंपनीत आमच्या लॅबची वेळ बदलली. सकाळी लवकर आणि संध्याकाळी लवकर. सव्वाचारला मी शिरूरला उतरत होते. घरी मी सहाचीच बस सांगत राहिले.

ते दोन तास मी कुठे जात होते, तर सोनमच्या अभ्यासिकेत. बाजारपेठेच्या मागे, पहिल्या मजल्यावर. स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात तिथे. प्रत्येकाला प्लायवूडच्या आडोशाचं एक टेबल, एक दिवा आणि एक खुर्ची. माझा नंबर एकतीस. पहिल्या दिवशी सोनमने फॉर्म भरताना विचारलं, “मॅडम, कुठल्या पोस्टची तयारी?” मी म्हणाले, “अजून ठरवलं नाही.” तिने माझी जन्मतारीख पाहिली आणि म्हणाली, “ठरवा लवकर. वयाची अट माझ्या हातात न्हाई.” पुढे एकदा मला टेबलावर डोकं ठेवून झोपलेली पाहून तिने माझ्या दिव्याचं बटण बंद केलं. मी तिथे झोपायचे, इवा. कधी डायरी लिहायचे. कधी काहीच नाही, समोरच्या प्लायवूडकडे बघत बसायचे. तिथे मला कुणी मम्मी म्हणत नव्हतं आणि कुणी रिपोर्ट मागत नव्हतं. तिथली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, तोच तिथला नियम.

दुसरा नियम म्हणजे फोन सायलेंट करून काउंटरवरच्या ट्रेमध्ये ठेवायचा.

त्या बुधवारी तुझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तू मला अकरा वेळा फोन केलास. मग कंपनीत केलास. गेटवरच्या माणसानं सांगितलं, “मॅडम तो चार बजे ही निकल जाती हैं. रोज.” पुतळाबाईंनी तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पळत आले तेव्हा तुला सलाईन लागलं होतं. तू विचारलंस, “कुठं होतीस?” मी म्हणाले, “कंपनीत. मीटिंग होती.”

तुला तेव्हा खरं माहीत होतं, आणि तू मान हलवलीस. पुतळाबाई म्हणाल्या, “जाऊ दे, आली ना आई!” तू डोळे मिटलेस. मला वाटलं, इंजेक्शनमुळे.

चारच दिवसांनी ती चिठ्ठी वाचली गेली. आता तू ‘ओझं’ शब्दाचा कुठला अर्थ घेणार होतीस? मी पहिल्या पत्रात तुला शब्दाचा अर्थ शिकवला, त्याची मला लाज वाटते.

आता मी अभ्यासिकेत जात नाही. सव्वाचारला उतरते आणि सरळ घरी येते. घरात कुणी नसतं.

मम्मी

शिरूर, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय इवा,

तुझं पत्र मंगळवारी पप्पांनी आणून दिलं. जर्नलच्या कागदावर चार ओळी. इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. ‘मम्मी, अभ्यासिकेचं मला फार काही वाटत नाही. मीही तिथे गेले असते. पण चिठ्ठीत तू कुठल्या अर्थानं लिहिलं होतंस? खरं लिही. मग बारावीला शिरूरला यायचं की दौंडलाच राहायचं ते मी ठरवीन.’

पाच दिवस मी उत्तर लिहून फाडते आहे. कुठल्या उत्तराने तू येशील ते मला कळतं. तेच लिहून पाहिलं, दोन पानं झाली. वाचलं तर चांगलं होतं. म्हणून फाडलं.

ती चिठ्ठी मी शनिवारी लिहिली होती, २६ ऑक्टोबरला. मी डायरी काढून पाहिली. त्या दिवशी सकाळी कंपनीत ऑडिट होतं. दुपारी तुला सोनोग्राफीला नेलं. तिथे रांगेत तू माझ्याशी बोलत नव्हतीस आणि मी मोबाइलवर ऑडिटची उत्तरं देत होते. संध्याकाळी महिला संघाची सभा होती, मी सेक्रेटरी. तिथे मी खाली बसले आणि मला उठता येईना. आजारी नव्हते. उठावंसंच वाटत नव्हतं. समोर विनंत्यांचा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. मला माझ्यासाठी प्रार्थना मागायची होती. पण काय लिहिणार? रिबेका थकली आहे? नवरा चांगला आहे, नोकरी आहे, मुलगी हुशार आहे. बाकीच्या चिठ्ठ्या कॅन्सरच्या आणि दारूच्या. मला लाज वाटली. म्हणून तुझं नाव घातलं.

मी लिहिलं होतं, ‘मला इवाचे फार ओझे झाले आहे.’

मग मी ते वाचलं आणि ‘झाले’ एवढा शब्द खोडला. ‘मला इवाचे फार ओझे आहे.’ आता ते मंडळीचं वाक्य झालं. कुणालाही वाचून दाखवता येईल असं. पाळकसाहेबांनी वाचलं तेव्हा त्यांना खोडलेला शब्द दिसला असेल, पण त्यांनी तो वाचला नाही. भले गृहस्थ आहेत.

हे खरं. दुसरा अर्थ मी नंतर चढवला.

आणखी एक आहे. ते तू विचारलेलं नाहीस, पण आता अर्धं लिहिलं तर परत तेच होईल. तू गेल्यापासून शनिवारी दुपारी मी झोपते. दार उघडं टाकून, गाढ. जानेवारीत लॅबची इन्चार्ज मला केलं, आणि ते काम मी चांगलं करते. तीन महिन्यांत माझ्या डोक्याचं दुखणं थांबलं. रोज संध्याकाळी दोन माणसांचा भात टाकते आणि सकाळी उरलेला पुतळाबाईंच्या शेळीला घालते. तू हवी आहेस म्हणून रडते, आणि रडून झालं की झोप लागते. सतरा वर्षांत मला अशी झोप लागली नव्हती. मी कसली आई, हे मी तुला विचारत नाही. ते तू ठरवायचं नाही.

तू ये. मला तू यायला हवी आहेस. हेही खरं आहे, पण वरचं सगळं वाचल्यावर यावर तू विश्वास का ठेवावास, हे मला सांगता येत नाही.

मम्मी

शिरूर, २२ जून २०२५

प्रिय इवा,

गुरुवारी तू आलीस. आठ महिन्यांनी घरात आलीस आणि पाहुण्यासारखी चप्पल बाहेर काढलीस. मी चहा टाकला. आपण काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण डायरीत लिहायला बसले तर मी माझी बाजू सावरीन. तुला लिहिताना तसं करता येत नाही.

तू म्हणालीस, “तू खरं लिहिशील असं मला वाटलं नव्हतं.”

“तूच म्हणालीस, खरं लिही.”

“हो. मला वाटलं, तू पाळकांसारखं काहीतरी लिहिशील. मग मी चिडून घरी येईन, भांडीन, आणि मग राहीन. खोटं लिहिलं असतंस तर भांडता आलं असतं, मम्मी. आता काय भांडू?”

मी म्हणाले, “आत्यालाही त्रास होत असेल की तुझा. ड्यूटी करून घरी येते ती.”

“होतो ना. मागच्या आठवड्यात म्हणाली, कार्टे, जरा गप बस, डोकं उठलंय माझं. मला काहीच वाटलं नाही. ती माझी आई नाही.”

मग तू कप धुतलास. माझाही धुतलास. पाठमोरी राहून म्हणालीस, “मी इथे आले तर तू परत अभ्यासिकेत जाशील. जायलाच पाहिजे तुला, मी नको म्हणणार नाही. पण तू उशिरा आलीस की मी घड्याळ बघेन. आणि लवकर आलीस तर मला वाटेल, माझ्यामुळं आली बिचारी. दोन्ही वेळेला मीच वाईट.”

मी कप पुसून जागेवर ठेवले.  तू बॅगेतून अर्ज काढलास, दाखला काढण्याचा. बारावीला दौंडच्या कॉलेजात जागा मिळते आहे, पण पालकाची सही लागते. “पप्पांची चालली असती,” तू म्हणालीस, “पण मला तुझी पाहिजे.” हे तू प्रेमाने म्हणालीस की हिशेब पुरा करायला, ते तुझ्या आवाजावरून कळलं नाही.

तू स्टँडवर पप्पांजवळ थांबलीस आणि मी एकटी कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथे काय झालं ते तुला माहीत नाही, आणि दाखला हातात आल्यावर तुला दिसेलच. म्हणून आधी सांगते.

खिडकीत मच्छिंद्र भाऊसाहेब होते. अर्ज पाहून म्हणाले, “मार्क तर चांगलेत पोरीचे. कशाला काढता हितनं?” मी म्हणाले, “तिला दौंडला राहायचंय.” ते म्हणाले, “बरं. हे कारण मोकळं ठेवलंय बघा तुमी.”

‘कॉलेज सोडण्याचे कारण.’ तू बाकी सगळं भरलं होतंस. तेवढा रकाना माझ्यासाठी कोरा सोडला होतास.

मी पेन घेतलं. ‘घरगुती’ लिहावं तर तुझ्या दाखल्यावर तो शब्द जन्मभर राहील. ‘विद्यार्थिनीची इच्छा’ लिहावं तर सगळं तुझ्यावर टाकल्यासारखं होईल. मागे रांग लागली होती. एकजण म्हणाला, “ओ ताई, पेपर लिवताय का काय?”

भाऊसाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. “मॅडम, एवढा काय इचार करताय? पालकांची बदली, असं टाका. समदे त्येच टाकत्यात. लगीच मंजूर व्हतं.”

“पण बदली झालेली नाही,” मी म्हणाले. “तिचे पप्पा वीस वर्षं दौंडलाच आहेत. मी इथंच आहे.”

“कोन इचारतंय, कुनाची बदली झाली?”

मी लिहिलं. पालकांची बदली. मला खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून ते दोन शब्द मी परत एकदा वाचले. आत्या आठवली, आणि ते खोटे वाटले नाहीत. मग खालच्या ओळीवर सही केली आणि रांगेतून बाजूला झाले.

मम्मी